कीर्तनातून उपदेश शिकता येतो

चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या पाळकांबद्दल कुणी म्हणतं, 'प्रार्थना असली की उपदेशाचं प्रशिक्षण कशाला?' पण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 6:4 मध्ये दोन्ही एकाच दमात येतात: प्रार्थना आणि वचनाची सेवा. प्रार्थना आधी, हे मान्य. पण दुसरी गाळायची कशी?

माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्या पाळक-प्रशिक्षणाच्या वर्गात तीन मुद्दे, एक दृष्टांत, शेवटी आवाहन असा साचा शिकवला. खेड्यातल्या मंडळीपुढे तो घेऊन उभा राहिलो, तर दहाव्या मिनिटाला अर्धी माणसं पेंगत होती!

खरं तर आपल्याकडे कीर्तन होतं. कृष्णराव सांगळ्यांनी अहमदनगरात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीही तीच वाट धरली. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा कीर्तनाला उभ्या राहिल्या. कीर्तनाच्या पहिल्या भागात, पूर्वरंगात, निरूपण; दुसऱ्या भागात, उत्तररंगात, आख्यान म्हणजे गोष्ट. येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट यात इतकी चपखल बसते की वेगळा दृष्टांत शोधावाच लागत नाही. शिवाय मध्येमध्ये अभंग म्हटला की ऐकणारेही प्रार्थनेत ओढले जातात, नुसते बसून राहत नाहीत.

पाळकीय अभ्यासक्रमात ग्रीक, म्हणजे नव्या कराराची मूळ भाषा, जरूर ठेवा. सोबत टाळ धरायलाही शिकवा.