नागपूरच्या महाल भागातली आपली टॉकीज पुन्हा उघडावी म्हणून: तुमच्या आठवणी लिहा

महालची_लेक
काल संध्याकाळी गांधीगेटकडून घरी येताना रिक्षा थांबवायला लावली. इतकी वर्षं टॉकीजच्या फाटकाला ठोकलेले पत्रे निघाले होते. आत दोन माणसं टेप धरून मोजमाप करून राहिली होती, आणि फाटकातून सरळ बुकिंगची खिडकी दिसत होती. तीच, अर्धगोल भोकाची. नाव मुद्दाम लिहीत नाही, जागेचा वाद अजून सुरू आहे. पण महाल-इतवारीतल्या माणसाला सांगायची गरज नाही.

लेडीजची रांग वेगळी असायची. आई मला पुढे करायची, कारण माझा हात बारीक, बाकीच्या हातांमधून आत शिरायचा. जाताना मुठीत नोटा, येताना मुठीत गुलाबी तिकिटं आणि मनगटावर ओरखडा. मे महिन्यात तीनचा शो. बाहेर चपलेला डांबर चिकटायचं, आणि आतलं दार ढकललं की खसच्या ओल्या ताट्यांचा वास. पाठीवरचा घाम एकदम गार पडायचा. पिक्चर कुठला याच्याशी आईला फारसं घेणं नव्हतं. तीन तास तिला कोणी हाक मारत नसे. हे मला फार उशिरा कळलं, माझ्या घरात दिवसभर मलाच हाका पडायला लागल्या तेव्हा.

मोजणाऱ्यांना विचारलं, पाडणार का? म्हणाले, अजून ठरलं नाही, आधी नकाशा करायचा आहे. म्हणजे वेळ आहे. आमच्या गल्लीतले सात-आठ जण मिळून शहराच्या हेरिटेज कमिटीकडे अर्ज देऊन राहिलो, की ही इमारत यादीत घ्या. त्या यादीत आपला झिरो माइलचा खांब आहे. टॉकीज का नसावी? अर्जात इमारतीची लांबी-रुंदी येईलच. पण ती लोकांची कोण लागते, हेही आलं पाहिजे. म्हणून लिहा. तिकिटाचा तुकडा, फोटो, किस्सा, काहीही चालेल.

गोकुळपेठची_काकू
'जय संतोषी माँ'. १९७५. माझी आजी चप्पल दाराबाहेर काढून आत गेली होती. आरती सुरू झाली तशी बायांनी पडद्याकडे नाणी फेकली, आजीनं पदराच्या गाठीतली चवन्नी सोडली. शो सुटल्यावर पोट्टे पडद्याखाली नाणी वेचायला धावले. आजीची चप्पल मात्र जागेवर होती, कोणी हात लावला नव्हता. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते.

इतवारीकर
आलूबोंडा!!! इंटरव्हलचा. कोणाला आठवतो का? कागदात तीन, वरून तर्री. फाटकाच्या डाव्या हाताला तो दादा उभा असायचा.

बर्डीवाला_भाऊ
@इतवारीकर डाव्या नाही, उजव्या. डावीकडे पानठेला होता.

इतवारीकर
तुम्ही आतून बाहेर येताना पाहून राहिले भाऊ, मी बाहेरून आत जाताना. दोघंही बरोबर 😄

रीळवाले_काका
मी त्या टॉकीजमध्ये १९७८ पासून केबिनमध्ये होतो. आधी हेल्पर, मग ऑपरेटर. सूनबाईनं हे वाचून दाखवलं, आता मी बोलतो आणि ती टाईप करते.

लोकांना वाटते मशीन लावली की पिक्चर चालते. तेव्हा दिवा नव्हता, कार्बन होते. दोन कांड्या, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह. टोकाला टोक लावायचं आणि जरासं मागं घ्यायचं, की मधे लख्ख पांढरा उजेड पेटे. कांड्या जळत जात, मधलं अंतर वाढे, उजेड पिवळा पडे. खालून ओरडा सुरू व्हायच्या आत मूठ फिरवून कांडी पुढं सरकवायची. डोळे काळ्या काचेवर, कान मशीनच्या आवाजावर. हजार फुटाचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. आम्ही दोन जोडून लावत होतो, म्हणजे बावीस मिनिटं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक गोल ठिपका चमके. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू, दुसऱ्या ठिपक्याला बदली. मधे सात सेकंद. हाताला सवय लागली होती, घड्याळ लागत नव्हतं. तुम्हाला तो ठिपका कधी दिसला नसेल. नाहीच दिसला पाहिजे.

केबिनमध्ये उन्हाळ्यात बनियनवर उभं राहत होतो. खाली खसची हवा, वर आमच्याकडे कार्बनची भट्टी. पण पिक्चर सुटल्यावर पायऱ्यांवरून उतरणाऱ्यांचे चेहरे केबिनच्या भोकातून पाहायचो. कोण रडलं, कोण हसत गेलं, सगळं दिसे.

उरलेल्या कांड्यांचा एक डबा माझ्या माळ्यावर आहे. कमिटीला द्यायचा असेल तर देतो.

महालची_लेक
काका, डोळे भरून आले. डबा जपून ठेवा, मी स्वतः येते.

सायकलवाला_६१
काकांनी रिळांचं काढलं म्हणून सांगतो. एक प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. महालात पहिलं रीळ संपलं की त्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून मी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या टॉकीजला. गांधीगेट, गांधीसागरच्या काठानं, कॉटन मार्केट, लोहापूल, बर्डी. तिथलं रीळ घेऊन परत. पावसाळ्यात लोहापुलाखाली पाणी भरलं की पेटी डोक्यावर. एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत अडकलो. ढोल, ताशे, बडग्यांचे पुतळे, पुढं मुंगी शिरायला जागा नाही. मी ओरडलो, "पिक्चरचं रीळ आहे जी, जाऊ द्या!" आणि लोकांनी खरंच वाट दिली. बर्डीला पोचलो तेव्हा पडद्यावर स्लाइडा दाखवणं सुरू होतं. पाच मिनिटं उशीर. मॅनेजर रागावले नाहीत, पाणी दिलं.

बर्डीवाला_भाऊ
मारबतीतून रीळ!! हे अर्जात पहिल्या पानावर टाका.

पुण्यातून_वैदर्भी
सिटी बसचा कंडक्टर "व्हरायटी, व्हरायटी" ओरडायचा, आणि मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं की चौकाला ते नाव टॉकीजमुळे पडलं. पंचशील चौकाचंही तेच. आपण पत्ता सांगतो तेव्हा टॉकीजच सांगत असतो. सासूबाई अजून "आनंद टॉकीजजवळ उतर" म्हणतात.

नववीतली_मी
मला वेगळं लिहायचं आहे. सगळं गोड नव्हतं. नववीत होते, मागच्या खुर्चीवरून एका माणसाचा पाय सारखा माझ्या कमरेला लागत होता. पहिल्यांदा वाटलं चुकून. मग कळलं. उठून पुढे जाऊन पडद्याजवळ बसले, मान दुखेपर्यंत वर पाहत. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझेच पिक्चर बंद झाले असते, त्याचे नाही. आणि बायांचा संडास! चार तास पाणी न पिता जायचो आम्ही.
टॉकीज उघडावी, मनापासून वाटतं. पण ती जशी होती तशी नको. रांगांमध्ये पायऱ्यांना दिवे हवेत, दारावर आणि आत बाया कामाला हव्यात, संडास स्वच्छ हवा. हे अर्जात येणार असेल तर माझी सही घ्या.

महालची_लेक
येणार. तुमच्याच शब्दांत लिहू का? नाव नाही टाकणार.

नववीतली_मी
लिहा.

गोकुळपेठची_काकू
@नववीतली_मी बेटा, आम्ही सगळ्या पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवायचो. तुला कोणी सांगितलं नव्हतं का? सांगायला पाहिजे होतं आम्ही.

चुना_वीट
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं कामाचं. पडक्या टॉकीजला आधी मारतं ते छप्पर. एक पत्रा उडाला की चार पावसाळ्यांत बाल्कनीचे लोखंडी गर्डर गंजतात. त्यामुळे रंग, खुर्च्या, पडदा हे सगळं नंतर. आधी छप्पर आणि पन्हाळी. जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर फोडून फेकू नका, ती धूळ फुप्फुसात जाते, जाणकार माणसांकडूनच उतरवून घ्या. भिंती विटा-चुन्याच्या असतील तर सिमेंटचा गिलावा अजिबात नको. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, वरून सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते आणि वीट सुटते. दोन वर्षं छान दिसेल, तिसऱ्या वर्षी पापुद्रे निघतील.

आणि हे होत नाही असं म्हणू नका. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं होतं, ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. पुढच्या वर्षी त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. २३ वर्षं अंधारात होती ती वास्तू. त्यांच्याकडे पैसा होता, खरं आहे. पण तिथेही अंधारातूनच सुरुवात झाली.

हिशोबी_धंतोली
मनावर घेऊ नका, पण एक पडदा आणि ८०० खुर्च्या आज चालत नाहीत. सोमवार ते गुरुवार चाळीस माणसं येतील, विजेचं बिल तेवढंच. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, मदत झाली, पण तेवढ्यानं भागत नाही. खाली २५० खुर्च्यांचा हॉल करा, बाल्कनी वेगळी काढून तिथं नाटक, गाणं, शाळांची संमेलनं घ्या. नाहीतर उद्घाटनाला फुलं आणि वर्षानं पुन्हा पत्रे.

चुना_वीट
@हिशोबी_धंतोली पूर्ण सहमत. फक्त बाल्कनीची ती लाकडी कठड्याची कमान तोडू नका. मधे काचेचं पार्टिशन घालता येतं, उद्या काढताही येतं.

रीळवाले_काका
८०० नाही. ७४२ होत्या. मी मोजल्या आहेत.

हिशोबी_धंतोली
काका, चूक झाली 🙏 ७४२.

ह्यूस्टनहून
कोणी आतला व्हिडिओ टाकेल का? छतावर प्लास्टरचं कमळ होतं, मधल्या पंख्याभोवती. बाबा मला मांडीवर घेऊन म्हणायचे, पाकळ्या मोज, मोजून होतील तोवर पिक्चर सुरू होईल. कधीच मोजून झाल्या नाहीत. बाबा मागच्या वर्षी गेले. मला फक्त ते कमळ आहे की पडलं एवढं कळलं तरी चालेल.

महालची_लेक
उद्या सकाळी मोजणारे येतील तेव्हा आत जायला मिळतं का पाहते. मिळालं तर पहिला फोटो तुम्हाला.

इतवारीकर
@सायकलवाला_६१ काका, तुम्ही बडकस चौकाजवळ पिठाच्या चक्कीवरच्या माळ्यावर राहायचे का? हिरवी सायकल, पुढच्या चाकाला घंटी?

सायकलवाला_६१
हो! तुम्ही कोण?

इतवारीकर
खालच्या खोलीतला. चक्कीवाल्यांचा धाकटा. तुम्ही मला दांडीवर बसवून एकदा बर्डीला नेलं होतं, मांडीवर रिळाची पेटी. आईनं तुम्हाला किती बोल लावले होते!

सायकलवाला_६१
अरे बाळ्या! आई आहे का?

इतवारीकर
आहे. ८४ ची. ऐकू कमी येते. तुमचं नाव घेतलं तर हसून राहिली.

गोकुळपेठची_काकू
कुकर झाला, पोळ्या झाल्या. तिकीट सापडलं! पोथीत ठेवलं होतं आजीनं. फोटो नीट येऊन नाही राहिला, ट्यूबलाइटची चमक पडते. नातू आला की काढून पाठवते.

व्हीलचेअर_धरमपेठ
मी कधीच आत गेलो नाही. फाटकापासून नऊ पायऱ्या आहेत. मोठा भाऊ आत जायचा, मी पानठेल्याजवळ बसून ऐकायचो. गाणी बाहेरपर्यंत स्पष्ट येत. गाणं वाजलं की कळायचं, आता इंटरव्हल जवळ आला. @चुना_वीट रॅम्प बसतो का तिथं?

चुना_वीट
पानठेल्याच्या बाजूनं बसेल. पुढचं तोंड न बिघडवता. मोजमापं हातात आली की मी स्वतः काढून देतो, पैसे नाही घेणार.

बर्डीवाला_भाऊ
पानठेला डावीकडेच होता ना मग!

महालची_लेक
आत्ताच आत जाऊन आले, दहा मिनिटं. पडदा फाटला आहे, खालच्या खुर्च्या नाहीत, बाल्कनीतल्या आहेत. पायाखाली कबुतरांची घाण आणि काचा. खसच्या ताट्यांच्या लोखंडी चौकटी अजून भिंतीत आहेत, हात लावून पाहिला.
@ह्यूस्टनहून कमळ आहे. एका बाजूच्या चार पाकळ्या पडल्या. बाकीच्या मोजल्या, अठ्ठावीस.
रविवारी सकाळी आठला फाटकासमोर सह्यांचा कागद घेऊन उभी असेन. रीळवाले काका, तुम्हाला घ्यायला गाडी पाठवते.

रीळवाले_काका
गाडी कशाला. चालत येतो. सूनबाई म्हणते, डबा ती उचलेल.