दशमांश आधी की पोरांचा पगार आधी?

लेथवाला उद्यमबाग:
जय ख्रिस्त सगळ्यांना. बेळगावात उद्यमबागेत लहान युनिट आहे माझं, तीन लेथ, एक ड्रिलिंग, पाच पोरं कामाला, त्यातली दोघं बिहारची. पगार शनिवारी असतोय, खरं पार्टीचं पेमेंट अडकलं की मी सोमवार-मंगळवार करतो. चर्चला द्यायच्या दशमांशाचं, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या भागाचं, पाकीट मात्र रविवारी चुकत नाही, बाबांपासूनची सवय, पहिला देवाचा भाग बाजूला. मागच्या शनिवारी पोरांना सोमवारी बघू म्हटलं आणि घरी येऊन पाकिटात 2,000 घालत होतो तर मिसेस म्हणाली, हे कुणाचे पैसे ओ? मी चिडलो, खरं रात्रभर झोप नाही. बायबलातलं मलाखी 3:10, सगळा दशमांश देवाच्या भांडारात आणा म्हणतंय ते, माझ्या बाजूनं आहे की नाही?

गणेशपूरकर:
आहे की. दहावा भाग देवाचा, तो अडवला की बाकीचं पुरत नाही, माझा अनुभव आहे. डगमगू नका ब्रदर.

नंदगडची आक्का:
दादा, तोच अध्याय पाच ओळी वर वाचा की. मलाखी 3:5. देव कुणाविरुद्ध साक्ष द्यायला येतो म्हणतोय तिथं? जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ घेणारे आणि त्यांच्याच रांगेत मजुराची मजुरी अडवणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. 3:10 सगळ्यांना पाठ, 3:5 वर कधी उपदेश ऐकलाय का? बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात 24:15 मध्ये तर मजुरी द्यायची वेळच ठरवून दिलीय, सूर्य मावळायच्या आत, आणि त्याच्या आधीच्या ओळीत आपला असो की परका असंही आहे, म्हणजे तुमची बिहारची पोरं पण आलीच. माझे वडील विटांच्या भट्टीवर होते. मालक देवभोळा, सगळे चांगलं म्हणायचे, खरं मजुरीचा हप्ता चुकला की आई बाजाराला रिकामी पिशवी घेऊन जायची आणि ओळखीच्या दुकानदाराची नजर चुकवत यायची, ते मी बघितलंय.

हिशोबनीस खानापूर:
दशमांश मिळकतीचा असतोय. पोरांचा पगार तुमची मिळकतच नाही, दुसऱ्याचे पैसे तुमच्या खिशात राहिलेत तेवढंच. त्यातनं काढून दिलं तर दान तुमचं नव्हे, त्या पाच पोरांचं, आणि त्यांना विचारलं पण नाही.

गणेशपूरकर:
असं सगळ्यांनी केलं तर चर्चचं लाइट बिल कोण भरणार?

हिशोबनीस खानापूर:
हेस्कॉमवाले, वीज कंपनीचे, थांबतात ओ, किराणावाला उधारी देत नाही. आणि परूशी लोक, नियम काटेकोर पाळणारे त्या काळचे धार्मिक यहुदी, पुदिना-जिऱ्याचा पण दहावा भाग द्यायचे, तेव्हा प्रभू काय म्हणाला ते मत्तय 23:23 मध्ये बघा. ते पण सोडू नका म्हणाला, खरं न्याय, दया आधी.

लेथवाला उद्यमबाग:
आक्का, 3:5 मी खरंच कधी वाचलं नव्हतं, पाकिटावरच 3:10 छापलेलं असतंय त्यामुळं असेल. मंगळवारी पगार दिला आणि या आठवड्यात शुक्रवारीच मिसेसकडनं उसने घेऊन वाटला. बिहारच्या एका पोरानं दोनदा मोजले आणि विचारलं, शेठ काम बंद करणार काय? म्हणजे वेळेवर पैसे मिळाले की त्याला काढून टाकतायत असं वाटतंय. रविवारी पाकिटात 300 घातले, आत टाकताना लाज वाटली ते खोटं कशाला सांगू. आता कुणीतरी प्रभूचं ते कैसराचं कैसराला द्या, म्हणजे सरकारचा कर सरकारला, हे काढणारच, तर जीएसटी 20 तारखेला आहे, तो भरतो.