'मुकी अंगडी' म्हणजे नक्की काय? आणि ही उपमा की रूपक?

परवा गाडीत 'एक धागा सुखाचा' लागलं होतं, लेकीने विचारलं बाबा अंगडी म्हणजे काय. मी सोलापूरचा, आमच्या गल्लीत निम्मी घरं कन्नड बोलणारी आणि कन्नडमध्ये अंगडी म्हणजे दुकान, त्यामुळे मी कित्येक वर्षं 'बालपणाचं मुकं दुकान' असंच काहीतरी समजून गात होतो (हसू नका). कपड्याचं काहीतरी आहे एवढं कळतंय, पण एकवचन काय? आणि अलंकार कुठला?

—

अहो अंगडं! बारशाला अंगडं-टोपडं देतो ना, तेच. अनेकवचन अंगडी. शेजारची ओळ बघा, 'रंगित वसने तारुण्याची', तिथेही नपुंसकलिंगी अनेकवचनच आहे. आणि मुकं अंगडं नाही, त्यातलं बाळ मुकं, त्याला अजून बोलता येत नाही. विशेषण बाळाचं, चिकटवलंय कपड्याला.

—

रूपक, डोळे झाकून. शाळेत घोकलेलं आठवा: सारखा, परी, जसा-तसा आलं की उपमा, जणू आलं की उत्प्रेक्षा, आणि दोन्ही एकच आहेत असं ठोकून सांगितलं की रूपक. ज्ञानेश्वरीत दुसऱ्या अध्यायात 'जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे' आहे, पुढे 'तैसें' येतं, म्हणजे सरळ उपमा. तिथे देह वस्त्रासारखा. गदिमांनी जैसें-तैसें काढूनच टाकलं आणि देहाऐवजी अख्खं आयुष्यच वस्त्र केलं. 'जीर्ण' शब्द मात्र राहिला बघा, 'जीर्ण शाल' मध्ये.

—

पण त्याच गाण्यात 'नाटक तीन प्रवेशांचे' पण आहे की, मग कापडाचं रूपक मध्येच सोडलं का? आमच्या बाईंनी निबंधात लाल रेघ मारली असती.

—

सोडलं कुठे? अंगडं, वसनं, शाल, तीन कपडे म्हणजे तीन प्रवेश, नाटकात कपडे बदलूनच पात्र वय बदलतं ना! मला तर तोच सांधा सगळ्यात भारी वाटतो. कादंबऱ्यांत असं निभावणं अवघड, खांडेकरांची 'ययाति' (1959) परत वाचायला घेतली तर दर पानाला नवी उपमा, आधीची डोक्यात मुरायच्या आत पुढची हजर, कॉलेजात वहीत उतरवून घ्यायचो पण आता दम लागतो. उलट गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर, त्यांची 'बनगरवाडी' (1955) किती साधी, उपमा आलीच तर मेंढरं-माळरानातली. एकाच घरातले दोघे, गंमत आहे.

—

थँक्यू सगळ्यांना, लेकीला झबलं म्हणून सांगितलं तेव्हा तिला पटलं. पण आता तिने नवीनच काढलंय, शंभर धागे दुःखाचे आणि एकच सुखाचा तर मग वस्त्र 'जरतारी' कसं? तो एकच धागा जरीचा धरायचा का?