व्हॅनच्या टाकीतलं पाणी रात्रीत कोमट करायचंय

काचपुश्या: व्हॅनमध्ये काचा धुवायच्या फिल्टरच्या पाण्याची ४०० लिटरची प्लास्टिकची टाकी आहे. थंडीत सकाळी पाणी ५ अंशांवर, पाइप काठीसारखा ताठ, बोटं बधिर. ३ किलोवॅटचा हीटर टाकीत बसवला तर रात्रीत ३५ अंश होईल का?

जुना गडी: होईल की. ४०० लिटर ३० अंशांनी चढवायला साधारण १४ युनिट, म्हणजे पावणेपाच तास. टाकी उघडीबोडकी असेल तर जास्तच, म्हणून आधी फोम गुंडाळ. टायमर असा लाव की निघायच्या सुमारास तापवून होईल. आणि हीटरचा दांडा पूर्ण बुडालेला हवा! मी एकदा अर्ध्या टाकीवर बटण दाबून झोपलो. सकाळी दांड्याभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. नशीब, व्हॅन वाचली. थर्मोस्टॅट आणि अर्थ लीकेज ब्रेकर (करंट गळला की वीज तोडणारा) लावल्याशिवाय हात घालू नकोस.

शिडीवाला: फिल्टरचं शुद्ध पाणी तांबं खातं, दांडा स्टेनलेसचा घे. गारठलेल्या काचेवर कढत पाणी मारू नकोस, तडकेल.

काचपुश्या: पण संध्याकाळी टाकी निम्मीच उरते हो.

जुना गडी: मग आधी भर, नंतर प्लग लाव, भावा.