पहिलीतल्या मुलीला परदेशी भाषा: कुठली आणि कशी? (सोलापूर)

चिऊची आई, जुळे सोलापूर
मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. पुण्याचा मावसभाऊ जर्मन शिकतो, त्याचं ऐकून हिनंही हट्ट धरला. ऑनलाइन क्लास लावला. एका स्क्रीनवर बारा मुलं, चाळीस मिनिटांत हिची पाळी दोनदा. चौथ्या आठवड्यापासून क्लासची वेळ झाली की पोटात दुखायला लागायचं. शेवटी बंद केला. पैसे गेले ते गेले, पण पोरीची हौस मावळली याचं फार वाईट वाटतं. जर्मन घ्यावी की जपानी? सासूबाई म्हणतात, आधी मराठी तरी धड येऊ दे. त्यांचं खरं आहे का?

साखर पेठ
ताई, आमच्या पूर्व भागात घरोघरी हेच चालतं. माझी मुलं आजीशी तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. धाकटा चार वर्षांचा असताना "आई, नीळ्ळू दे" म्हणायचा. आम्ही कधी टोकलं नाही. "पाणी पाहिजे? घे" म्हणून द्यायचो. पाचव्या वर्षी कुणाशी काय बोलायचं ते त्याचं त्याला कळलं. रात्रीची गोष्ट तेवढी मराठीतच ठेवा, बाकी बिनधास्त शिकवा.

जपानी शिकवते, विजापूर रोड
सासूबाईंना सांगा, मराठी पक्की असेल तर जपानी सोपी जाते. "वाताशी वा मिझु ओ नोमिमासु" म्हणजे "मी पाणी पिते". क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. हिरागाना या जपानी लिपीत मूळ 46 अक्षरं, आणि क्रम बघा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमाला अभ्यासली, तिच्यावरून तो बेतलेला आहे.

जर्मनही छान भाषा आहे. पण लिपी इंग्रजीचीच आणि उच्चार वेगळे: डब्ल्यूचा 'व', व्हीचा बहुधा 'फ', झेडचा 'त्स'. इंग्रजी वाचन नुकतंच सुरू झालेल्या मुलांचा त्यात गोंधळ उडतो. निवडलीत तर वर्षभर नुसती गाणी आणि बोलणं, वाचायला नको.

क्लासमध्ये चिऊचं काही चुकलं नाही. 2003 साली अमेरिकेत नऊ-दहा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला. चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्या बाळांना चिनी ध्वनी ओळखू येऊ लागले. तीच माणसं व्हिडिओवर पाहिलेल्या बाळांना काहीच आलं नाही. चिऊ बाळ नाही, मान्य. तरी भाषेला समोर माणूस लागतं, हे मी रोज बघते. म्हणून पहिले सहा महिने तुम्हीच तिच्याबरोबर शिका.

सुरुवात 'नो' या अक्षरापासून करा. भाकरीच्या काठवटीत ज्वारीचं पीठ पसरा आणि बोटानं काढा, एका गिरकीत होतं. या 'नो'चा अर्थ 'चा-ची-चे'. 'चिऊ नो कासा', चिऊची छत्री. घरभर चिठ्ठ्या चिकटवू द्या. दिवसाला दहा मिनिटं, आणि तिनं "अजून" म्हटलं की थांबायचं.

रेल्वे लाईन्स
पण उशीर झाला तर मुलांना जमत नाही म्हणतात ना?

जपानी शिकवते, विजापूर रोड
उच्चार लहानपणी लवकर बसतात, एवढं खरं. पण आपले डॉ. कोटणीस 1938 साली चीनला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी शिकले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक मुलांना एकदा दाखवून आणा. घाई नको, सहावं वर्ष काही शेवटची गाडी नाही.

चिऊची आई, जुळे सोलापूर
ताई, काल पीठ पसरलं. पहिले तीन 'नो' उलटे झाले, चौथा जमला. सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीवर चिठ्ठी लागली: 'ओबाआसान नो मेगाने', आजीचा चष्मा. त्या म्हणाल्या, "माझं नाव लिहून दे की गं." नाव पार्वती आहे. 'व' आणि 'ती' कसे लिहायचे? शाळेतून आली की विचारेल.