पुळणीलगतच्या जागेत झाडी काढून सपाटीकरण: परवानगी लागते का?

माडाचीवाडी: सिंधुदुर्गात १८ गुंठे जागा आहे, पाण्यापासून साधारण ७० मीटर. पुढच्या बाजूला दोनेक मीटर उंचीचं वाळूचं टेकाड, त्यावर केतकी आणि मर्यादवेल. मागे खाडीच्या अंगाला थोडे तिवर (खारफुटी). सगळं साफ करून, टेकाड मागे ओढून जागा एका पातळीत आणायची आणि ६० माड लावायचे. बांधकाम काहीच नाही. जेसीबीवाला म्हणतो, एका दिवसाचं काम, शेतीला परवानगी कसली? खरं का?

भरतीरेषा: अर्धं खरं. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौ. किमीला २१६१ पेक्षा कमी असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र धरतात. त्यात शेती-बागायत चालते. पण वाळूची टेकाडं मुळात सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे सर्वांत संवेदनशील गटात मोडतात, तिथे बागायतीची सवलत नाही. टेकाड ओढलंत की प्रश्न शेतीचा राहत नाही.

आणि ते ७० मीटर कुठून मोजलेत? ओल्या वाळूपासून मोजलं असेल तर उपयोग नाही. मंजूर नकाशावरची भरतीरेषा धरतात. भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा घ्या आणि अधिकृत संस्थेकडून १:४००० च्या नकाशावर गटाच्या हद्दी बसवून घ्या. त्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर, म्हणून झेरॉक्सवर पट्टी लावून अंदाज काढू नका.

चिरेबंदी: बंदी 'सक्रिय' टेकाडांना हात लावण्यावर आहे. केतकी माजलेलं जुनं टेकाड स्थिर झालेलं असतं. त्याला ती कशी लागू होणार?

भरतीरेषा: हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. १अ च्या यादीत नुसतं 'वाळूची टेकाडं' आहे, सक्रिय-निष्क्रिय असा भेद नाही. शिवाय केतकी काढली की स्थिर टेकाड पुन्हा चालायला लागतं. मुळं गेली की सुटी वाळू पावसाळी वाऱ्याने शेजाऱ्याच्या विहिरीत जाते आणि उधाणाचं पाणी थेट तुमच्या आळ्यात येतं. पहिल्या रांगेतले माड त्यातच जातात.

खाजणवाट: तिवरांचं कोणी बोललं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जमीन खाजगी असली, तिवर दोनच गुंठ्यांत असले तरी चहूबाजूंनी ५० मीटरमध्ये बांधकाम नको. तिवरांत डबर, भराव टाकणं तर दूरच. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतही तिवर आहेत, आंबा, फणस, जांभूळही. 'वाळलेलंच होतं' हे कारण पंचनाम्यात टिकत नाही. बाहेरून मुरूम आणायचा तर वाहतूक परवाना पाहा, नाहीतर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड बसू शकतो.

माडाचीवाडी: मग माड लावायचेच नाहीत का?

कोंबवाफा: लावा की, सपाट कशाला करता? माडाला खड्डा लागतो, मैदान नाही. साडेसात मीटर अंतराने १८ गुंठ्यांत जेमतेम ३२ बसतात, ६० कोंबले तर उन्हासाठी नुसते उंच जातील. टेकाड आणि तिवरांचा पट्टा सोडून उरलेल्या जागेत फावड्याने मीटरभर खोल, तेवढेच रुंद खड्डे काढा. तळाशी नारळाच्या सोडणांचे दोन थर, पोकळ बाजू वर. ओल धरून राहते. मग माती, शेणखत आणि निघालेलीच वाळू. चढउताराला आळं उताराच्या बाजूने उंच बांधा. कुंपणाला गडगा नको, जिवंत कुंपण करा आणि पुळणीवर जायची पायवाट अडवू नका.

मर्यादवेल आळ्यात शिरली तर तेवढीच कोयत्याने तोडा, उपटू नका. वाळू तिनेच धरून ठेवलेली असते.

भरतीरेषा: जेसीबी सांगण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा किनारा समितीला नकाशासकट लेखी विचारा, पोच घ्या. सोबत टेकाडाचे आणि तिवरांचे आजचे फोटो, तारखेसकट.