आर्किटेक्चर विभागाला गुण कोणी द्यावेत?

धागाकर्ता :
अनेक मोठ्या संस्थांत एंटरप्राइझ आर्किटेक्चर विभागाचे, म्हणजे संस्थेच्या सगळ्या संगणक प्रणाली एकमेकींशी कशा जुळाव्यात याचा समग्र आराखडा आखणाऱ्या विभागाचे, मूल्यमापन वर्षाअखेरच्या समाधान-सर्वेक्षणावरून होते आणि ते मला मुळातच पटत नाही. कारण ज्या विभागाचे निम्मे काम 'हे इथे चालणार नाही' असे सांगण्याचे आहे, त्याला गुण देणार कोण, तर ज्यांना नकार मिळाला तेच. एफबीआयची 'व्हर्च्युअल केस फाइल' ही तपासाच्या फायली संगणकावर ठेवण्याची प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये गुंडाळावी लागली. बदलत राहिलेल्या मागण्यांबरोबरच समग्र आराखड्याचा अभाव हेही त्याचे एक कारण अमेरिकी न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी नोंदवले आहे.

पहिला प्रतिसाद :
उदाहरण अर्धेच दिलेत. तिच्या जागी आणलेली 'सेंटिनल' प्रणाली आराखड्याचे काम सुरू झाल्यानंतरही कंत्राटदाराकडे रखडलीच. २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतले, त्याचे लहान टप्पे पाडले, वापरणाऱ्यांना ते वेळोवेळी दाखवले, तेव्हा कुठे २०१२ मध्ये ती सुरू झाली. आमच्याकडे आर्किटेक्चर विभागाच्या रिव्ह्यू बोर्डाचा, म्हणजे प्रकल्प तपासून मंजुरी देणाऱ्या समितीचा, लांबलचक फॉर्म रिलीजच्या आठवड्यात मागच्या प्रकल्पावरून उतरवला जातो. कधी कधी शीर्षकात जुन्याच प्रकल्पाचे नाव राहते, तरीही सही होते! अशा विभागाला कमी गुण मिळाले तर सर्वेक्षणाला दोष कशाला?

धागाकर्ता :
फॉर्म निरुपयोगी आहे, हे मान्य. पण म्हणून मोजमाप योग्य ठरत नाही. मी पूर्वी होतो त्या विमा कंपनीत ग्राहकाचा मोबाइल क्रमांक पॉलिसी, दावे आणि वसुली अशा तीन प्रणालींत वेगवेगळा साठवलेला असे, त्यामुळे हप्त्याची आठवण जुन्याच क्रमांकावर जाई. ग्राहकाची नोंद एकच असावी, असा आग्रह आमच्या आर्किटेक्चर विभागाने धरला तेव्हा दावे विभागाचे काम लांबले आणि त्यांनी आम्हाला सर्वांत कमी गुण दिले. ज्याची पॉलिसी बंद पडण्यापासून वाचली, त्या ग्राहकाला सर्वेक्षणात कोणी विचारलेच नाही.

दुसरा प्रतिसाद :
अमेरिकी सरकारी खात्यांवर आराखड्याची जबाबदारी १९९६ च्या कायद्याने आली, तरी त्याचा लाभ मोजून दाखवा, असे तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाला २०१२ मध्येही सांगावे लागले. माझ्या मते प्रकल्पांना आराखड्याच्या नियमांतून तात्पुरत्या दिलेल्या सवलतींपैकी किती मुदतीत संपल्या, हे मोजावे.

पहिला प्रतिसाद :
जरूर मोजा. मात्र नकारासोबत कारण आणि पर्याय मिळाला का, आणि तो किती दिवसांत मिळाला, हे प्रकल्पाच्या लोकांनाच विचारावे लागेल. त्यावर मी अडून राहीन.